जेठांच्या मागे वीस पावलं

माझ्या जेठांइतका बोलका माणूस सुरतेत दुसरा झाला नसेल, आणि माझ्याशी मात्र मागच्या महिन्यापर्यंत, चाळीस वर्षांत, ते एक अक्षर बोलले नव्हते. जेठ म्हणजे यजमानांचे थोरले भाऊ. आमच्या खानदेशाकडच्या घरात धाकट्याच्या बायकोने जेठांपुढे तोंड उघडायचं नाही आणि जेठांनी तिचं नाव घ्यायचं नाही. मी एकोणीस वर्षांची नवी नवरी, पांडेसऱ्याच्या रंगमिलींच्या वस्तीतल्या एका खोलीत. यजमान बारा-बारा तास मिलमध्ये. "पोर भिंतीसंगे बोलाले लागी," असं जेठांनीच सासूबाईंना सुनावलं आणि सुट्टीच्या दिवशी आम्हा दोघींना डुमसच्या समुद्रावर न्यायचा पायंडा पाडला. त्या डुमसलाच मी त्यांच्याशी एक हलकटपणा केला. तो कबूल करायला मला आजी व्हावं लागलं.

सासूबाई बसमधून उतरल्या की गणपतीच्या देवळात शेंगा सोलत बसायच्या. मग जेठ पुढे आणि वीस पावलं मागे मी, हनुवटीपर्यंत पदर ओढून. जेठांना डुमसची काडीची माहिती नव्हती आणि कुणाला वाट विचारणं त्यांच्या रक्तात नव्हतं. चालता चालता आम्ही कुणाच्या तरी अंगणात, वाळत घातलेल्या मासळीपुढे जाऊन उभे राहायचो. तरी वाट चुकली असं ते म्हणत नसत, वाट संपली म्हणत. पण ते मिलमध्ये रंग कालवायचे, त्यामुळे सगळं जग कुठल्या टाकीतून निघालंय ते त्यांना लांबूनच कळायचं. हे मला सांगायचं तर असे, पण मला सांगता येत नसे. म्हणून ते फाटकांना सांगत. "हाऊ पिवळा कच्चा शे," एका बंगल्याच्या फाटकाला त्यांनी बजावलं, "दोन पावसाळात उतरी जाई!" कपड्याला रंग धरायला मीठ लागतं, म्हणून एका उंटाच्या झुलीचा फिका लाल बघून ते उंटावरच खेकसले, "दर्याकाठे ऱ्हाईसन मीठ कमी टाकं?" उंटवाला बिचारा उंटाच्या तोंडाकडे बघत राहिला.

पदराखालून मला त्यांच्या टाचाच काय त्या दिसत, मिलच्या रंगाने कायमच्या जांभळ्या झालेल्या. तेव्हाची मी स्वतःला फार हुशार समजे. टाचा सांभाळल्या की जेठ सांभाळले, एवढं माझं शास्त्र! सुट्टीला डुमसच्या काळ्या वाळूत अर्धं पांडेसरा उतरतं, हे त्या शहाणीच्या डोक्यात आलं नाही. एका संध्याकाळी भज्यांच्या गाड्यांपुढच्या गर्दीतून मी मोठ्या निष्ठेने जांभळ्या टाचांमागे निघाले, ती थेट एका सतरंजीवर जाऊन पोचले. तिथली बाई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ओ बेन, आ तो मारो छे!" म्हणजे, हा तर माझा आहे!

मी जी पळाले ती एका भज्यांच्या गाडीमागे लपले. तेवढ्यात जेठांच्या हाका कानावर आल्या. पाणी चढत होतं. आधी ते "ओ, धाकलाना घरनं!" असं ओरडत होते, धाकट्याच्या घरचं माणूस, म्हणजे मी. आणि मग, आयुष्यात पहिल्यांदा, "मंगल! ओ मंगल!"

मला काय वाटावं? मला हसू आलं. जेठांना ओ द्यायची रीत नव्हती हे खरं, पण ते नुसतं निमित्त. हा रीतीभातीचा माणूस आणखी किती वेळा आपलं नाव घेतो, ते मला ऐकायचं होतं. पदर सारून मी चक्क मजा बघत उभी राहिले. जेठ कमरेएवढ्या पाण्यात शिरले होते आणि दोन्ही हातांनी पाणी चाचपत होते. हाक मारता मारता त्यांचा आवाज फाटला. तेव्हा कुठे माझं हसू थिजलं आणि मी मोठं शौर्य गाजवलं: मागच्या वाटेने धावत जाऊन सासूबाईंशेजारी शेंगा सोलायला बसले.

जेठ आले ते नखशिखांत भिजलेले, आणि किती हाका मारल्या ते आईला सांगू लागले. "अव, आयकू नही उनं का तुले?" सासूबाईंनी मला विचारलं.

"वाऱ्यामुळं काहीच ऐकू आलं नाही," मी पदरातून म्हणाले.

जेठ देवळाच्या खांबाकडे बघत म्हणाले, "मना आवाज पोचत नही. परकी पोरनी जबाबदारी मी कशी लेऊ?"

डुमस त्या दिवसापासून बंद झालं. यंत्रांच्या खडखडाटात आपला आवाज गेला, असं त्यांनी मनाशी धरलं. लांबच्या माणसाला हाक मारायची तर शेजाऱ्याला मारायला लावत. सुट्टीला दारात बसून राहत. कुणी फिरायला चला म्हटलं की घशाला हात लावत. मी उंबऱ्यावर त्यांचा चहा ठेवत होते आणि हे सगळं बघत होते.

मागच्या महिन्यात सुनेने हट्टाने मला आणि जेठांना गाडीत घालून डुमसला नेलं आणि बाकावर बसवून ती भजी आणायला गेली. मध्ये तिची पर्स, दोन टोकांना आम्ही.

"दादा," मी म्हणाले. दुसऱ्या कुणाला हाक मारली असेल म्हणून ते मागे बघू लागले. "तुमचा आवाज त्या दिवशी पोचला होता. मी भज्यांच्या गाडीमागंच उभी होते. मुद्दाम ओ दिली नाही."

वाटलं, आता चिडतील. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "नाव बी आयकू उनं व्हतं?"

"नाव बी."

"धाकलाले सांगू नका," ते पुटपुटले.

अपराध माझा, आणि मान खाली घातली होती त्यांनी. भजी येऊन निवली तरी त्यांनी ती वर केली नाही.