इथंच तर हाय

सकाळपासून डोंगरवाटेवर तिघांना विचारलं, पुढचं गाव किती लांब? तिघंही म्हणाले, "इथंच तर हाय." दुपारी मोळी घेतलेली एक म्हातारी भेटली. तिनंही तेच म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. टाचांचे फोड फुटून मोजे रक्तानं चिकटले होते. मी बूट ओरबाडून काढला आणि तळ उचकटेपर्यंत कातळावर आपटला. त्या शब्दांचा गळाच आवळावासा वाटत होता. दमलेल्या माणसाशी खोटं बोलायचा या डोंगरात कटच झाला असावा.

"इथंच म्हणजे कुठं?" मी ओरडलो.

म्हातारी अनवाणी उभी होती. माझ्या टाचांकडं बघत म्हणाली, "लांब हाय म्हणलं असतं, तर इथवर तरी आला असतास का, लेकरा?"