गोल देवीची मागची बाजू

आमच्या इतिहासाच्या सरांनी एकदा वर्गात रोमन नाण्यांच्या प्रतिकृतींचा ट्रे फिरवला. प्रत्येकाने एक नाणं उचलायचं आणि फक्त जे दिसतं तेच लिहायचं, असा नियम. माझ्या नाण्यावर खुर्चीत बसलेली बाई होती. एका हातात लांब दांडा, दुसऱ्या हातात डहाळी. मी लिहिलं, ‘आमच्या देवघरातली देवी.’ मग लाज वाटून खोडलं.

पण ती तीच होती. धुळ्याकडच्या आमच्या गावी देवघरात चांदीचे टाक आहेत, पत्र्यावर उठवलेले देव. त्यात एकच देवी वेगळी. जाड, गोल, तांब्याच्या चकतीवर लाखेने चिकटवलेली. सगळे तिला गोल देवी म्हणतात. दर दसऱ्याला चिंचेने घासून घासून तिचा चेहरा कधीच गेला होता. बसलेली आकृती आणि दांडा तेवढा उरला होता.

त्याच संध्याकाळी आईचा फोन आला. भावाचं लग्न ठरलं होतं. आमच्यात थोरल्या मुलाच्या लग्नाआधी झिजलेले टाक वितळवून त्याच चांदीचे नवे करतात. दुसऱ्या दिवशी देव सोनाराकडे जाणार होते. मी जळगावच्या पिंप्राळ्यातल्या खोलीला कुलूप लावलं आणि धुळ्याची एसटी पकडली.

घरात शेवटचा शब्द वडिलांच्या मोठ्या भावाचा, आबांचा. घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे ते माझं कौतुक करायचे, पण देवाधर्माच्या बाबतीत नाही.

“आबा, गोल देवी वितळावू नका. ते रोमनं नाणं व्हई.”

“व्हई?” माझं ‘असेल’ पकडून आबा म्हणाले. “म्हंजे तुलेच पक्कं माहीत नही. जयगावले हाईच शिकाडतस का, आपला देव दुसरासना शे म्हनीसन?”

काकू चुलीपाशी हसली. “लगीन भाऊनं, आनि रुसी बठनी बहीण.”

माझा आवाज नेहमीसारखा आत जायला लागला. तरी मी हटले नाही. “मांगली बाजू देखू द्या. माणूसनं डोकं नही निंघनं, ते मी मन्हा हातथून मुशीमा टाकसू.”

आबांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “शबुद?”

“शबुद.”

बोलून गेले, आणि रात्रभर नुसता हिशोब करत राहिले. सरांच्या ट्रेमधल्या नाण्याच्या मागे डोकं होतं म्हणून आमच्याही मागे असेलच, असं कुठे होतं? कुणीतरी नुसती चांदीची चकती घडवलेली असली तर?

धुळ्याच्या सोनाराने सगळ्यात आधी गोल देवीच घेतली. चकती शेगडीवर धरली. लाख मऊ झाली, चिमट्याने नाणं सुटलं. मागची बाजू काळीकुट्ट होती. मला काहीच दिसेना. चांदी वितळवायची मूस तापलेली होती, आबा माझ्याकडे बघत होते. सोनाराने स्पिरिटचा बोळा फिरवला. आधी कडेला अक्षरं आली. मग नाक. मग डोक्यावरची पानांची माळ. गालावर छिन्नीचा एक आडवा घाव होता. आपल्याकडे सापडलेल्या रोमन नाण्यांवर पुष्कळदा असा घाव असतो, असं सरांनी सांगितलं होतं. पुढची बाजू आम्ही भक्तीने पुसून टाकली होती. मागची लाखेखाली कालची असल्यासारखी राहिली होती.

आबांनी नाणं दाराशी उजेडात नेलं. “हाऊ कोन?”

“रोमना राजा.”

“आनि हाऊ देवीना मांगे लपीसन बठेल व्हता?” आबा हसू लागले. “आम्हन्या बठ्ठ्या बाया याना बी पाया पडन्यात की!”

मी मोबाईल काढला. त्यांनी हात आडवा केला. “देवीना फोटो काढानं नही.” मग त्यांनीच नाणं उलटं केलं. “हाऊ बुवाना काढ.”

सोनाराने विचारलं, मुशीत टाकायचं ना? आबा म्हणाले, “नही. पोरनी शबुद दिधा व्हता, डोकं निंघनं. बाकीना देव नवा कर. हाई देवीले नवी लाख लाव.”

मला ते सरांकडे न्यायचं होतं. ते न मागता, लाख लावायच्या आधी फक्त वजन करून घेतलं.

फोटो आणि वजन पाहून सर म्हणाले, खरं असावं, पण खात्रीसाठी नाणं हातात हवं. आता आबांनाच जळगावला आणायचं मी ठरवलंय, देवीसकट.

त्याआधी दसरा आहे. यंदा देव मी उजळणार, हे आईला सांगून ठेवलंय. उरलंय ते तरी टिकावं म्हणून गोल देवीला चिंच लावायची नाही, साध्या पाण्याने मऊ फडक्याने पुसायची.

“मंग ती काळी दिसी,” आई म्हणाली.

“दिसू दे.”