हिराला मी काय सांगितलं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. देवापुढे बसते, डोळे मिटते, आणि मन या जागेवर आलं की घाईघाईने पुढचा श्लोक म्हणायला लागते. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा ओळखणारं आता फारसं कुणी उरलं नाही, म्हणूनही.

फार मोठं काही ऐकायला मिळेल असं वाटत असेल तर आधीच सांगते, कुणाचा जीव गेला नाही. मी फक्त बोलले. एकाला एक वाक्य, दुसरीला एक.

माझे वडील थळच्या शाळेत मास्तर होते. कोळीवाड्याला लागूनच आमचं घर, आणि कुडापलीकडे जानकीबायचं. मी अर्धी त्या घरात वाढले म्हणायला हरकत नाही. तापलेल्या तव्यावरचा बोंबील मला आमच्या सोवळ्यातल्या आईच्या नकळत तिथेच मिळायचा. मी मॅट्रिकला होते त्या वर्षी जानकीबायच्या मुलाचं लग्न झालं आणि हिरा आली. माझ्याच वयाची. रेवदंड्याकडची. नव्या घरात बावरलेली ती दुपारची आमच्या मागच्या पडवीत येऊन बसायची, आणि मी तिला शाळेतल्या गमती सांगायचे. गावात तिची पहिली मैत्रीण मी — हे लक्षात ठेवा.

मग मी मुंबईला कॉलेजात गेले. साठच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. वसतिगृहात माझ्या तोंडून चुकून 'न्हाय' निघालं की मुली आठवडाभर हसायच्या. मी बोलणं सुधारलं. हसणंही सुधारलं. तरी कुणाच्या नजरेत भरावं असं माझ्यात काही नव्हतं, आणि ते मला पक्कं ठाऊक होतं. याला कारण समजू नका. नुसतं सांगून ठेवतेय.

कॉलेजात ईश्वर नावाचा सिंधी मुलगा होता. फाळणीच्या वेळी लहानपणी कराचीहून बोटीने आलेला, कल्याणच्या छावणीत वाढलेला. मराठी त्याला कामापुरतं यायचं. एका प्राध्यापकांकडून त्याने चावी देऊन चालणारा छोटा कॅमेरा मिळवला आणि सिनेमा काढायचं ठरवलं. मुका, वीसेक मिनिटांचा. गोष्ट एवढीच — एक कोळीण किनाऱ्यावर नवऱ्याच्या होडीची वाट बघते. होडी येते, तो नसतो. कराचीच्या धक्क्यावर त्याची मावशी मागे राहिली होती, ती कशी उभी होती हे तो आम्हाला उठून उभं राहून दाखवायचा. गोष्ट कुठून आली ते आम्हाला कळायचं.

मी म्हणाले, आमच्या थळला चला. कोळिणीचं काम मला मिळालं. का? आमच्यात मुलगी मी एकटीच होते. आणि गाव माझं होतं.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही गेलो. मुलं शाळेच्या खोल्यांत, मी घरी. पहिल्याच दिवशी सगळं फिसकटलं. सासूचं काम करायला गिरगावातल्या एक हौशी बाई ठरल्या होत्या. रेवसच्या लाँचमध्ये त्यांना बोट इतकी लागली की धक्क्यावर पाय ठेवला तो त्याच लाँचने परत जाण्यासाठीच. आमचा नायक होडीत बसला आणि खांदेरीचं बेट जवळ यायच्या आत त्याने होडीच्या काठाला मिठी मारली. कॅमेऱ्यात वाळू गेली. कॅमेरा धरायचा तो सबनीस — दादरचा, स्वभावाने चिडका — त्याने तो उघडून, फुंकून, पुसून पुन्हा बसवला, आणि तोवर ओहोटी लागून होड्या चिखलात बसल्या. समुद्र काही आमच्यासाठी थांबणार नव्हता. फिल्म तर इतकी थोडी की ईश्वर प्रत्येक वेळी डोळे मिटून मग 'चालू' म्हणायचा.

तरी एकेक मार्ग निघत गेला. नायकाऐवजी खराखुरा नाखवा घेतला. लांबूनच दिसणार, कुणाला काय कळतंय! आणि सासू म्हणून उभी राहिली जानकीबाय. मी विचारायला गेले तर ती पोटभर हसली. "आता म्हातारपनी सिनेमान नाचू काय गो?" म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी अंबाड्यात अबोली माळून सगळ्यांच्या आधी हजर.

अडत होतं ते एकाच ठिकाणी. माझ्यापाशी.

मला लुगडं नेसवलं होतं हिरानेच. पण मी चालायला लागले की बोंबील वाळत घालणाऱ्या बायका तोंडाला पदर लावायच्या. डोक्यावरची मासळीची पाटी सरकायची, खारं पाणी मानेवरून पाठीत उतरायचं, आणि मी वाट बघण्याऐवजी पाटीच सांभाळत राहायचे. ईश्वर काही बोलायचा नाही. हाताने नुसतं 'पुन्हा' म्हणायचा. ते न बोलणं मला फार लागायचं.

तिसऱ्या दिवशी हिरा पुढे झाली. पाटी नीट बसवून द्यायला म्हणून. "अशी न्हाय गो, बघ," म्हणत तिने ती स्वतःच्या डोक्यावर घेतली. तेवढ्यात कुणीतरी लांबून ओरडलं, होड्या दिसल्या. हिरा वळली. तिचा नवरा त्यातल्याच एका होडीवर होता. कपाळावर हात धरून ती बघत राहिली — बस, एवढंच. आम्हाला ती विसरूनच गेली.

ईश्वर तेव्हा कॅमेऱ्याला डोळा लावून बसला होता. त्याने चावी दिली नव्हती, फिल्म वाचवायची होती. पण तो डोळा काढेना. मग त्याने मान वर केली, आणि त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी कधी माझ्यासाठी पाहिलं नव्हतं. सबनीसनेही बघितलं. म्हणाला, "अरे, ही कुठे होती इतके दिवस?"

मी तिथेच होते. त्यांच्या शेजारी. लुगड्यात.

ईश्वर मला बाजूला घेऊन गेला. फार सांभाळून बोलला. वाईट नको वाटून घेऊस, पण तू बघितलंस ना? तिच्या घरी तू विचारशील का? माझं ते ऐकणार नाहीत, तुझं ऐकतील.

मी गेले. मला खरंच विचारायचं होतं का? आजही नीट सांगता येत नाही. पण विचारलं. जानकीबाय चुलीपुढे होती. तिने मागे वळूनही बघितलं नाही.

"ने की गो तिला. आमचे घरान कोन नाय बोलनार हाय? तिचा दादला आयला का मी सांगन त्याला. मास्तरांची पोर संगती हाय, मंग कसलं भ्या?"

माझ्या वडिलांचं नाव घेऊन ती 'हो' म्हणाली. आणि मी तिच्या दारातून शाळेपर्यंत चालत गेले — वाळूतली जरा लांब वाट धरली — आणि ईश्वरला सांगितलं, "नाही म्हणतात. म्हातारीचं चालेल, पण सुनेला नको. आमच्याकडे असंच असतं."

आमच्याकडे! कॉलेजात जे गाव मी लपवत होते ते त्या घटकेला अगदी उपयोगी पडलं. त्यांना लगेच पटलं. सबनीस म्हणाला, "वाटलंच होतं." ईश्वर वाळूत बसून राहिला. मग उठला, मला म्हणाला, चल, आपण करू.

इथेच थांबले असते तरी... पण नाही थांबले.

संध्याकाळी हिरा पडवीत आली. तिला सासूने सांगितलं होतं. लग्नातलं हिरवं लुगडं नेसली होती, केस विंचरून वेणी घातली होती. इतकी सजलेली मी तिला लग्नानंतर पहिल्यांदाच पाहत होते. तिने विचारलं, "मना कवा बोलावलंय गो शालू?"

काहीही सांगता आलं असतं. फिल्म संपली. उजेड कमी पडतोय. तिला त्यातलं काय कळणार होतं? मी म्हणाले, "त्यांनी बघितलं कॅमेऱ्यातून. तुझा चेहरा नाही गो बरा येत. चपटा येतो. नाक सगळं पसरट दिसतं."

तिने नाकाला हात लावला. नुसता, बोटांनी चाचपून बघितल्यासारखा. मग हसली. "मंग काय, देवानं दिलंय ते हाय," म्हणाली. माझ्या आईने दिलेला चहा पूर्ण प्यायली, कप विसळून ठेवला आणि गेली.

पुढचे दिवस मी त्या सगळ्यांच्या मधे उभी राहून काढले. जानकीबायचं ईश्वरला आणि ईश्वरचं जानकीबायला सांगायचं काम माझंच. एकदा ती कंबरेवर हात ठेवून सरळ त्याच्यासमोर उभी राहिली. तिची भाषा कळणारा सबनीस आणि बाकीची मुलं लांब खडकावर होती, म्हणून वाचले. भराभरा विचारत सुटली, "माजे सुनंचे तोंडाला काय झालंय रं? चांगली लक्षुमीसारकी पोर ती!"

ईश्वर माझ्याकडे बघायला लागला. "काय म्हणतात?"

"सुनेचं पुन्हा नाव काढू नका म्हणतात," मी त्याला इंग्रजीत सांगितलं.

त्याने त्या बाईला हात जोडले. माफी मागितली त्याने. जानकीबायला वाटलं, आपल्या सुनेचा चेहरा वाईट म्हणून हा पोरगा ओशाळून माफी मागतोय. तिने त्याच्या पाठीवर थोपटलं. मी तिथेच होते, दोघांच्या मधे, आणि दोघंही माझ्याकडे विश्वासाने बघत होती.

सिनेमा झाला. कॉलेजात दाखवला, टाळ्या पडल्या त्या जानकीबायला. माझ्याबद्दल कुणी वाईट बोललं नाही. बरं बोलावं असंही काही नव्हतं. अंधारात मी स्वतःला पडद्यावर बघत होते आणि मला दिसत होतं, ही मुलगी कुणाचीही वाट बघत नाहीये. ईश्वरने पुढे सिनेमा काढला नाही. मामाच्या कापडाच्या दुकानात बसला. माझ्यामुळे? तसं म्हणणं म्हणजे स्वतःला फारच मोठं करणं होईल. पण तो सिनेमा त्याच्या मनातला झाला नाही, तो माझ्यामुळे, हे मात्र खरं.

काही वर्षांनी वडील निवृत्त झाले. थळ सोडायचं ठरलं, तेव्हा मी सामान आवरायला गेले होते. माझं लग्न झालेलं, हिराला दोन मुलं. जानकीबायने हौसेने अलिबागहून फोटोग्राफर बोलावला, मास्तर चालले, दोन्ही घरांचा एकत्र फोटो हवा म्हणून. अंगणात खुर्च्या मांडल्या. सगळे उभे राहिले. हिरा मात्र फोटोग्राफरच्या मागे जाऊन उभी राहिली, धाकट्याला हसवायला.

नवऱ्याने हाक मारली. ती म्हणाली, "नको, मना नको. माजं थोबाड फोटुन बरं येत न्हाय." आणि माझ्याकडे बोट दाखवून, अगदी लाडाने, "इचारा हिला. हिच्या सिनेमावाल्यांनी मशीनीतून बघून सांगितलंय. लगनाकार्यात पन मी कवा उभी न्हाय ऱ्हात."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तिचा नवराही. त्याच्या नजरेत जरा आशा होती, मी हसून म्हणेन, छे, काहीतरीच काय.

इतकी वर्षं मी पहिल्या खोट्याबद्दल स्वतःला सांगत आले होते की वय लहान होतं. पण अंगणात उभी होते तेव्हा मी लहान नव्हते. ईश्वर तिथे नव्हता, कसला सिनेमा नव्हता, माझ्याकडून कुणी काही काढून घेणार नव्हतं. एक वाक्य — हिरा, ते मी खोटं बोलले होते — एवढंच पुरलं असतं. माझ्या ओठांवर आलंही होतं का? नाही. खरं सांगते, आलं नव्हतं. मला एवढंच वाटत होतं की फोटोग्राफरने लवकर बटण दाबावं.

मी म्हणाले, "राहू दे ना, तिला आवडत नाही तर."

फोटो निघाला. त्यात मी छान हसतेय.

हिरा गेली त्याला आता वर्ष होईल. तिच्या मुलीने कुठून तरी माझा नंबर मिळवला आणि फोन केला. भिंतीवर लावायला आईचा फोटो नाही म्हणाली. मतदानाच्या कार्डावरचा मोठा करून आणलाय, पण त्यात कुणीच ओळखत नाही. मग जरा अडखळत तिने विचारलं, "मावशी, तुमी सिनेमा काडलेलात ना इथं? आई त्यान कुटं असंल? मागनं, लांबनं — कशी पन?"

मी तिला सांगितलं, नाही बाळा, त्यात ती नाही.

का नाही, ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.