रंगुबाईचा भंडारा

नवऱ्याच्या कपाळाला देवाची हळद लावली म्हणून बायकोला त्याच्या मरणाला जबाबदार धरायचं का? लगेच मान हलवू नका. आधी ऐका, मग बोला. न ऐकता बोलणारे आमच्या भागात पोत्यानं भरलेत.

धुळा येडगे आटपाडीच्या पूर्वेकडचा मेंढपाळ. पाऊस सरला की मेंढरं घेऊन कडेगाव, कुंडलकडं उतरायचं, बागायतदारांच्या रिकाम्या रानात रात्रीची मेंढरं बसवायची. रानाला खत, आणि याच्या पोटाला धान्य. मागून बायको रंगुबाई, घोड्यावर बिऱ्हाड बांधून. या बाईनं तीन दगडांच्या चुली किती गावांत मांडल्या, ते तिलाच सांगता येत नाही. ज्यांची रानं या दोघांनी पिकवली त्यांतला एकही पुढं दवाखान्यात फिरकला नाही. हे मी मुद्दाम लिहून ठेवतोय.

यंदा धुळा वस्तीवर परतला तो अंग खाजवतच. लोक हसले. मेंढरात झोपणाऱ्याला खाज सुटायचीच, त्यात काय बघायचं? मग जेवण तुटलं. भाकरीचा वास नको म्हणायला लागला. मेंढरामागं दिवसभर चालणारा माणूस बाजेवरनं उठताना बायकोचा हात मागायला लागला, तेव्हा रंगुबाईनं पोराला फोन लावला.

पोरगा बिरदेव कुपवाडला एका वर्कशॉपमध्ये लेथवर काम करतो. त्यानं मोबाइलवर नंबर लावला. फोनवरच डॉक्टर बघतात, बोलतात, औषध लिहून देतात. वस्तीपासून दवाखाना लांब, गेलं तरी डॉक्टर भेटेलच याचा नेम नाही. पोरानं चांगलंच केलं. त्याला कुणी काही म्हणायचं काम नाही.

पण वस्तीवर रेंज नाही. रेंज येते ती फक्त माळावरच्या बिरोबाच्या देवळापाशी. तिथं जायचं ठरलं आणि रंगुबाईची गडबड सुरू झाली. पाणी तापवलं. नवऱ्याची दाढी करवली. धुतलेलं धोतर, तांबडा पटका.

"आये, फोटू काढायचा न्हाई," बिरदेव म्हणाला. "डॉक्टरीणबाई बघणार हाय."

"मग तर नीटच बसाय पायजे. कोण कुठली बाई, काय म्हणंल?"

"बघ रं," धुळा म्हणाला, "तुझी आय मला परत नवरदेव करायलीया. पोरगी बघून ठेवली का इचार तिला."

"गप बसा. तोंडाची तेवढी ताकद ऱ्हायलीया."

बिरदेवच्या गाडीवर मधे बसवून त्याला माळावर नेला. देवाच्या दारात गेलं की आमच्याकडं भंडारा लागतो. भंडारा म्हणजे देवाची हळद. कपाळाला बोट टेकवून भागत नाही. रंगुबाईनं मूठ भरून घेतली आणि कपाळ, गाल, मान, दोन्ही हात माखले. बिरोबा राखंल, म्हणाली. एका कष्टाळू बाईला जेवढी माया दाखवता येते तेवढी त्या मुठीत होती.

बिरदेवनं मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून उभा केला. डॉक्टरीणबाई दिसल्या. वयानं लहान, गोड बोलणाऱ्या.

"नमस्कार बाबा. काय होतंय?"

"बाई, एवढ्याशा खिडकीत कशा मावला तुमी?"

त्या हसल्या. खाज विचारली, भूक विचारली. मग म्हणाल्या, "लघवीला कसं होतंय? रंग कसा आहे?"

धुळानं एकदा पोराकडं बघितलं, एकदा बायकोकडं. लेकीच्या वयाच्या परक्या बाईपुढं असलं बोलायचं? "समदं येवस्थित हाय बाई," म्हणाला. बिनदुधाच्या चहागत लघवी होते हे त्याला एकट्याला ठाऊक होतं. माळावर जाणाऱ्या माणसाची लघवी दुसरं कोण बघणार?

"डोळे मोठे करा बघू."

समोरून ऊन. डोळे उघडतील तर शपथ.

"चेहरा फार पिवळा दिसतोय."

बिरदेव हसला. "मॅडम, भंडारा हाय. बिरोबाचा."

"ओल्या कापडानं पुसून दाखवता का?"

रंगुबाई पुढं झाली. "देवाच्या दारात लावलेला पुसत न्हाईत, बाई. तुमी असंच बघा."

पुसाच म्हणून डॉक्टरीणबाईंनी हट्ट धरायला पाहिजे होता, हे मी कुणापुढंही सांगेन. त्यांनी धरला नाही. "बरं, असू द्या," म्हणाल्या. खाजेचं मलम, ताकदीच्या गोळ्या. पुढं काहीतरी बोलत होत्या, पण चित्र थिजलं आणि आवाज गेला. औषधांचा मेसेज तेवढा आला. बिरदेवला वाटलं, झालं काम.

त्यानंतर रंगुबाई रोज भंडारा लावायची, मलमाच्या जोडीनं. अंग पिवळं दिसायचं, पण भंडाऱ्यानं ते दिसायचंच की. मग एका सकाळी धुळाला थंडी वाजून ताप भरला. अंगावर घोंगडी टाकली तरी दात वाजत होते. ताप उतरावा म्हणून तिनं फडकं भिजवून तोंड पुसलं. फडकं पिवळं झालं. परत भिजवलं, पुसलं. परत. शेवटी फडकं पांढरं निघालं आणि धुळाचं तोंड तसंच पिवळं राहिलं. मग तिनं अंगठ्यानं त्याची पापणी वर केली.

सांगलीच्या दवाखान्याच्या व्हरांड्यात ती मला पहिल्यांदा भेटली. आमच्या भागातला पेशंट आला की भरतीसाठी भांडायला मला बोलावतात, म्हणून मी गेलो होतो. माझं नावगाव तिनं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "दादा, मी डोळ्यात न्हवता लावला."

मला कळलं नाही. तिनं परत सांगितलं, "कपाळाला लावला, गालाला लावला. डोळ्यात न्हवता लावला. मग डोळं पिवळं कुणी केलं?"

खडा होता. पित्ताच्या नळीत अडकलेला. पित्त अंगात पसरलं, नळीत पू झाला, पू रक्तात गेला. लवकर आणायला पाहिजे होतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले, आणि ते काही खोटं नव्हतं. धुळानं मला जवळ बोलावून लघवीचं सांगितलं, तेसुद्धा रंगुबाई बाहेर गेल्यावर. "तिला सांगू नगा. मला इचारलंतं, मी बोललो न्हाई." दुसऱ्या दिवशी तो गेला.

तिसऱ्याला मी वस्तीवर होतो. भावकीतले आप्पासो सगळ्यांदेखत म्हणाले, "बाईनंच भंडाऱ्याखाली झाकला की म्हाताऱ्याला."

माझं डोकं फिरलं. "तुमची जीप दारात उभी असती ना आप्पासो? खाटेला खिळला तवा कुठं होती ती?"

"आमाला कुणी सांगितलं?"

"आता सांगाय कुणी बोलावलंतं तुमाला?"

ते उठून गेले. पण रंगुबाईनं ऐकलं होतं. ती मला म्हणाली, "भांडू नगा दादा. खरंच हाय त्यांचं." आणि ते मला खोडता आलं नाही. आजवर सायबांना, पुढाऱ्यांना, पोलिसांना खोडलं. या बाईला खोडता आलं नाही.

तेव्हापासून ती भंडाऱ्याला हात लावत नाही. डबा भिंतीतल्या देवळीत तसाच आहे. नात्यातलं लेकरू पाया पडलं तरी नुसता हात फिरवते. मी देव मानत नाही, ते तिला माहीत आहे. तरी परवा मी कपाळ पुढं केलं. तिचा हात डब्यापर्यंत गेला आणि माघारी आला.

म्हणून तुम्हाला दोन गोष्टी मागतो. तुमच्या घरचं माणूस फोनवर डॉक्टरला दाखवणार असाल तर आधी त्याचं तोंड धुवा, सावलीतल्या उजेडात बसवा, आणि जे बोलायची लाज वाटते ते त्याच्या वतीनं तुम्ही बोला. आणि कधी आटपाडीकडं गेलात, वस्तीवर रंगुबाई दारात बसलेली दिसली, तर विचारपूस करू नका, समजूत घालू नका. नुसतं तिच्यापुढं वाका, कपाळ पुढं करा, आणि म्हणा, भंडारा लाव, आये.