वाटी शुद्ध करून द्यावी

सुकलाल आप्पांच्या उजव्या हाताची बोटं दुसऱ्या पेरापर्यंत काळी होती, आणि ती समोरच्याच्या नाकापुढे नाचवल्याशिवाय त्यांना बोलता येत नसे. निनाद, सई, शहाद्याच्या आपल्या घराला लागून असलेलं हिरव्या दाराचं घर त्यांचं. आजी त्या बाजूची खिडकी का उघडत नाही, असं तुम्ही विचारता, म्हणून लिहिते. मला हा माणूस आवडत नसे. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. मी खरं लिहीन.

कॉलेजच्या प्रयोगशाळेतली नोकरी संपल्यावर त्यांनी मागच्या पडवीत चांदी शुद्ध करायचा उद्योग मांडला. लोणच्याची काचेची बरणी, तीत तेजाबात, म्हणजे ॲसिडात, विरघळवलेल्या चांदीचं पाणी. एका तारेला सुती पिशवीतली जुनी चांदी, दुसरीला स्टीलची पट्टी. वीज सोडली की जुनी चांदी विरघळे आणि स्टीलवर निर्मळ चांदीचे पांढरे काटे उगवत. भेसळीचं तांबं पाण्यात उतरून पाणी निळं करी. बोटंही त्या पाण्यानंच काळी झालेली.

त्या बरणीवरून ते गल्लीची अब्रू काढत. "मानूस खोटं बोलस, बाई, चांदी नही. पानी निळं व्हयनं का समजी जावानं!" माझ्या नणंदेच्या पैंजणांचं पाणी किती निळं झालं, हे त्यांनी तिच्या सासूसमोर सांगितलं. तेजाबाच्या वासापायी गच्चीवरच्या कुरडया दोनदा टाकाव्या लागल्या. तक्रार केली तर म्हणाले, "मंग घरमा वाळाडा ना!"

एकदा तोरणमाळहून आलेल्या बाईचे वाळे एका दुकानदारानं खोटे ठरवले, तेव्हा मात्र आप्पा त्या वाळ्यांचं पाणी असलेली बरणी काखेत घेऊन भर बाजारात गेले. "देख, कोठे शे निळं?" हेही खरं, म्हणून लिहिलं.

मीही कमी नव्हते. गणपतीच्या बैठकीत ते आपल्या अहिराणीत बोलायला उभे राहिले, तेव्हा मी सगळ्यांदेखत म्हटलं, "आप्पा, जरा शुद्ध बोला." लोक हसले. ती काळी बोटं खिशात गेलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

माझ्या आईची चांदीची वाटी होती, काठावर तिचं नाव कोरलेलं: द्वारका. घरातल्या प्रत्येक बाळाचं उष्टावण तीतच झालं. निनाद सहा महिन्यांचा झाला, तुम्ही येणार होतात, आणि वाटी काळी पडलेली. आजोबा म्हणाले, शेजारी पाठव, चकचकीत करून देतील. मला बोलायचं नव्हतं. मी रेघ आखून चिठ्ठी लिहिली: 'वाटी शुद्ध करून द्यावी.' 'उजळून' लिहायला हवं होतं. पण बाळाच्या विधीला 'शुद्ध' शोभेल, असं मला वाटलं.

चौथ्या दिवशी आप्पांनी कागदाची पुडी आणून दिली. आत पांढरे दाणे.

"वाटी कुठंय?"

"हाई काय!" त्यांनी माझीच चिठ्ठी नाकापुढे धरली. "तुम्हीच लिखेल शे ना? करी दिन्हं शुद्ध. तुम्हनी आईनी वाटीमाबी तांबं निंघनं, बाई."

मी दार लावलं. निनाद, तुझं उष्टावण स्टीलच्या वाटीत झालं. पुढे अकरा वर्षं मी त्या माणसाशी बोलले नाही.

गेल्या महिन्यात आप्पा गेले. तेराव्यानंतर त्यांची बायको कमलबाई आल्या आणि पिवळी पडलेली ती चिठ्ठी माझ्या हातात दिली. आत बोटभर लांबीचा चांदीचा तुकडा होता. वर अक्षरं: द्वारका.

कमलबाईंनी सांगितलं. वाटी कापून, ठोकून तिची पट्टी केली होती. पट्टीचं तारेच्या चिमट्यात धरलेलं टोक पिशवीबाहेर, पाण्याच्या वर राहतं, ते विरघळत नाही. आप्पांनी नावाचा काठच चिमट्यात धरला होता.

"मग दिला का नाही?"

"मी रोज सांगू, दी टाका. ते म्हनेत, 'बाई येई, इचारी, तवय दी टाकसू.'" त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "तुम्ही इचारंच नही ना, बाई."

मी आप्पांना माफ केलेलं नाही. तुकडा आईच्या फोटोमागे ठेवला आहे. काल ती खिडकी उघडली. पडवीत बरणी तशीच उपडी घातलेली आहे. मला एवढंच विचारायचं होतं, आईच्या वाटीचं पाणी खरंच निळं झालं होतं का?