आळेफाट्याला गेलेला दात

सांगतो, पण आमच्या दादासमोर हा विषय तेवढा काढू नका. माझ्या एका दातापायी मी सख्ख्या थोरल्या भावाला भरदिवसा मारून टाकलं. हाताने नव्हे हो, शब्दाने!

माझा खालचा एक दात बरेच दिवस छळत होता. शेवटी आळेफाट्याच्या डॉक्टरांनी तो उपटला आणि तिथेच हाडात स्क्रू पिळून दिला. म्हणाले, "वर नवा दात दोन-तीन महिन्यांनी बसवू. दोन दिवस मऊ खा, गार खा. आणि मुख्य म्हणजे, आज बोलू नका."

मी आणि बोलायचं नाही? खोडदला आमच्या रानालगत आभाळातले आवाज ऐकणाऱ्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या अवाढव्य तबकड्या उभ्या आहेत ना, त्यांना रोज आधी माझाच आवाज ऐकावा लागतो, असं माझी बायको म्हणते!

तिने मला पडवीत बसवलं, गालाला बर्फ लावून दिला, हातात नाचणीची गार पेज ठेवली आणि ती गोठ्यात गेली. नेमका तेव्हाच फोन वाजला. मंचरचे बबनराव!

हे बबनराव म्हणजे दादाच्या लेकीचं, पूजाचं स्थळ जमवणारे मध्यस्थ. दुसऱ्याच दिवशी मुलाकडची माणसं बोलणीला यायची होती. मुलगा पूजाला आवडलेला, पूजा मुलाला आवडलेली. बोलणी झाली की सुपारी फोडायची, एवढंच राहिलेलं. मग असा फोन उचलायचा नाही? तुम्हीच सांगा!

तोंडात कापसाचा बोळा, जीभ बधिर. माझा आवाज ऐकून बबनराव दचकले.

"काय वं भाऊ, रडताय का काय?"

"न्हाई वं. दात गेला."

म्हणजे मी आपलं 'दात गेला' म्हणालो. पण कापसातून बाहेर पडेपर्यंत त्या दाताचा दादा झाला, हे मला काय ठाऊक?

"आँ! कवा?"

"आज सकाळी. आळेफाट्याला, डॉक्टरकडंच."

"आरारारा! परवा आलो तवा तर कायबी दिसलं न्हाई!"

"वरनं कुठं दिसतंय? आतनं पार पोखरला व्हता."

"आन् वैनी? वैनींचं काय?"

त्यांनी विचारलं दादाच्या बायकोबद्दल. पण माझ्या बायकोलाही ते वैनीच म्हणतात ना! मला वाटलं, माझ्या दुखण्यात तिची किती काळजी करतो हा माणूस.

"ती म्हणली, सुटले बाई एकदाची! रात-रात झोप नव्हती तिला त्याच्यापायी."

पलीकडून मग अगदी बारीक आवाज आला, "मग... आता पुढं?"

"पुढं काय! दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी नवा बसवायचा. ह्याच्यापरीस मजबूत!"

फोन बंद झाला. मला वाटलं, रेंज गेली. मी निवांत पेज प्यायला लागलो.

दुपार कलली आणि दारात जीप थांबली. मुलाचे आई-वडील, चुलते आणि बबनराव. उद्याचे पाहुणे आजच कसे? बोलायची बंदी, म्हणून मी नुसते हात जोडले आणि मान हलवली. गाल सुजलेला, डोळ्यांत दुखण्याचं पाणी. ते बघून मुलाच्या आईने तोंडाला पदर लावला आणि असा हंबरडा फोडला म्हणता!

दादा तेव्हा रानात पाणी धरत होता. त्याने बांधावरून आमच्या दारातली रडारड पाहिली. त्याला एवढंच माहीत, की सकाळी भावाचं ऑपरेशन झालंय. त्याने हातातलं खोरं फेकलं आणि "माझा बाळ्या गेला रं!" म्हणत चिखलाच्या पायांनी पळत सुटला. मी जिवंत दिसताच त्याने मला कडकडून मिठी मारली, ती बरोबर सुजलेल्या गालावर! मी किंचाळलो. पण खरं सांगतो, मला भरूनही आलं. साठी ओलांडलेला माझा भाऊ लहान पोरासारखा रडत होता.

इकडे मुलाच्या आईचं रडणं एकदम थांबलं. ती दादाकडे बघतच राहिली.

"अगं बया! हेच तर गेलं व्हतं ना?"

सगळ्यांनी बबनरावांकडे पाहिलं, बबनरावांनी माझ्याकडे. मी तोंडातला बोळा काढला आणि जीव खाऊन ओरडलो, "दाऽत! माझा दाऽत गेलाय!"

मुलाचे वडील लालबुंद झाले. "उद्या शुभकार्य आन् आज ही असली चेष्टा? चला, गाडी फिरवा!" म्हणत ते जीपमध्ये जाऊन बसले.

दाराआड पूजा उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडलेला. पोरीचं जमलेलं लग्न माझ्या तोंडाने मोडायची वेळ आली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादाने उपरण्याने डोळे पुसले आणि तो जीपच्या आडवा उभा राहिला.

"पावणं, थांबा जरा. घरचा कर्ता माणूस गेला म्हणलं, की लोक सोयरीक मोडत्यात. तुमी हातातलं काम टाकून धावत आला. अशा घरात पोरगी न्हाई द्यायची, तर कुठं द्यायची?"

मुलाची आई नवऱ्याला म्हणाली, "आवं, मरणाची खोटी बातमी उठली की माणसाचं आयुष्य वाढतं म्हणत्यात. उतरा खाली!"

वडिलांनी जीपमधून बाहेर डोकावून पाहिलं. मग दादाच्या चिखलाच्या पायांकडे बघून त्यांना हसू फुटलं. ते उतरले आणि दुसऱ्या दिवसाची वाट न बघता तिथेच सुपारी फुटली! सगळ्यांना गरमागरम भजी आणि चहा. मी आपला वास घेत बसलो.

पाहुणे गेल्यावर दादा माझ्याजवळ येऊन टेकला. माझ्या गालाकडे बघत म्हणाला, "बाळ्या, मी मेलो बी न्हाई, तरी जीप भरून माणसं आली. तुझा दात खराच गेला, पर दुखतंय का म्हणून एकानं तरी इचारलं का रं?"