अक्कांची अंडी

"लाइट कशी शे?"

आमच्या गल्लीतल्या अक्का कुणाची खुशाली विचारायच्या आधी हे विचारायच्या. लाइट आहे का, असं नाही, कशी आहे? मंद, फडफडती की चढलेली? उत्तर ऐकताना त्यांची नजर आपल्या डोक्यावरच्या पंख्याकडे असायची.

धुळ्याच्या टोकाला आमची वस्ती. अक्कांच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत अंडी उबवायचं मशीन होतं. आसपासच्या खेड्यांतल्या बाया गावरान अंडी आणून देत आणि पिल्लं घेऊन जात. एकदा व्होल्टेज वाढून मशीनचा हीटर बंदच झाला नाही. आतली सगळी अंडी शिजून गेली. त्या दिवसापासून अक्कांच्या जिवाला स्वस्थता नव्हती.

मशीनसाठी त्यांनी वेगळी वायर ओढून घेतली, स्टॅबिलायझर आणला, इन्व्हर्टर बसवला. अंगणात अर्थिंगचा खड्डा करून त्यात मीठ-कोळसा भरला. उन्हाळ्यात त्या खड्ड्याला रोज तांब्याभर पाणी घालत. एका पाहुण्यानं विचारलं, "अक्का, काय लावलंय?"

"यामा काहीच उगत नही," अक्का म्हणाल्या. "पानी मात्र रोज लागस."

शेजारी कुणी पाण्याची मोटर लावली की अक्का दारात हजर. "भाऊ, जरा थांबी जा ना. आत जीव शेतस." आम्ही हसायचो, पण थांबायचो. तुमच्याही गल्लीत असं कुणी असेल. ज्याच्या काळजीचा कंटाळा येतो आणि तरी तिला नाही म्हणवत नाही.

त्या वर्षी मे महिन्यात साक्रीकडची एक बाई अंडी घेऊन आली. ती लग्नाला गेली असताना रानमांजरानं खुराड्यातल्या सगळ्या कोंबड्या मारल्या होत्या. तिच्या आईनं माहेराहून दिलेल्या कोंबडीचा तो वंश. आता उबवायला एक कोंबडीही उरली नव्हती. उरली होती ती फक्त आधी साठवलेली अंडी.

पिल्लं निघायला दोन-तीन दिवस राहिले होते. भर दुपारी आमचा पंखा एकाएकी भिंगरीसारखा फिरू लागला, दिवा डोळे दिपवील इतका पेटला आणि टीव्हीतून धूर निघाला. बाहेरून अक्कांचा आवाज आला, "मेन पाडा! बठ्ठा मेन पाडा!" सगळ्यांना मेन स्विच बंद करायला सांगत त्या उन्हात अनवाणी दारोदार धावत होत्या. खांबावरची न्यूट्रल तार तुटून घराघरात व्होल्टेज चढलं होतं.

स्टॅबिलायझरनं मशीन वाचवलं, पण इन्व्हर्टर जळाला. वायरमन म्हणाला, संध्याकाळ होईल. थंडीत लाइट गेली असती तर अंडी गोधडीत गुंडाळता आली असती. इथे उलटंच होतं. मशीनमधला पंखा बंद आणि वर तापलेला पत्रा. तापमानाचा काटा अंड्यांना लागणाऱ्या साडेसदतीसच्या वर सरकू लागला.

"अक्का, आमच्याकडे आणू. वर स्लॅब आहे," मी म्हणालो.

आम्ही दोघांनी मशीन उचललं. अक्का सारखं म्हणत होत्या, "हळू भाऊ, धक्का नको." माझ्या बायकोनं खिडकीला ओलं पोतं लावलं. झाकण किलकिलं करून आम्ही आळीपाळीनं वारा घालत बसलो. अक्का मात्र हातातला पंखा सोडायला तयार नव्हत्या. घाम पुसायलाही त्यांनी हात थांबवला नाही. मधेच त्या आतल्या पिल्लाची चाहूल घ्यायला अंडं कानाशी धरत आणि आमच्याकडे न बघता परत ठेवत. आम्हीही विचारत नव्हतो.

दिवेलागणीला लाइट आली.

पिल्लं निघाली, पण निम्मीच. बाई टोपली घेऊन आली तेव्हा अक्कांची मान वर होईना. "माले वाचाडता उनात नही व माय," बाकीची वाचवता आली नाहीत, एवढंच त्या म्हणाल्या.

बाईनं एक पिल्लू उचलून अक्कांच्या ओंजळीत ठेवलं. "जगनात ना अक्का! व्हई जाई बठ्ठं."

तेव्हा कुठे अक्का रडल्या.

दिवाळीनंतर अक्का गेल्या. साधा ताप आला होता. आम्हाला काळजी करायलाही त्यांनी वेळ दिला नाही.

थंडीत एका सकाळी ती बाई पुन्हा आली. पदराखाली त्याच पिल्लांतली एक, आता मोठी झालेली तांबूस कोंबडी होती. दाराला कुलूप बघून तिनं मला विचारलं, "अक्का बाहेर गयात का?"

मी सांगितलं. ती अक्कांच्या ओट्यावर कोंबडी मांडीवर घेऊन बसली. तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. ऊन ओट्यावर आलं तेव्हा उठली, पदर सारखा केला आणि कोंबडीला पोटाशी धरून स्टँडच्या रस्त्याला लागली.